म्हसरूळचा डावा कल आणि परकीय सरकारे

२ मार्च, सकाळी साडेसात

शकुबाई आली नाही. आज रविवार. यापुढे कुठल्याच रविवारी येणार नाही म्हणे, संघटनेत ठरलंय. काल जाताना हिला सांगून गेली, ताई, आमालाबी एक दिस पाय पसरू द्या की. ही म्हणाली, बरं.

बरं काय बरं! धुणंभांडीवाल्यांची संघटना, तीही म्हसरूळमध्ये, आणि आमच्या घरात कोणाला काही वाटत नाही. मला वाटलं. भांडी मीच घासायला घेणार होतो, पण तेवढ्यात यूट्यूबवर दक्षिण अमेरिकेचा व्हिडिओ लागला. भांडी हिने घासली.

३ मार्च

कालचा व्हिडिओ डोक्यातून जात नाही. तिकडे एक देश डावीकडे झुकला की शेजारचा झुकतो, मग त्याच्या शेजारचा. बघता बघता अख्खा नकाशा लाल. मग परदेशी सरकारं प्रतिक्रिया देतात. पहिला टप्पा, चिंता व्यक्त करणे. दुसरा, व्यापार अडवणे. तिसरा, राजदूत परत बोलावणे. चौथा टप्पा कळला नाही, मध्येच पाइपची जाहिरात आली.

माळ्यावरून आमच्या पोरीच्या, सायलीच्या, शाळेतला नाशिक जिल्ह्याचा नकाशा काढला. लाल पेन्सिल घेतली. सुरगाणा लाल. पेठ लाल. दिंडोरी अर्धी. सिन्नरच्या एमआयडीसीत नवी युनियन झालीय, तिथे ठिपका. इगतपुरीत रेल्वेवाले, म्हणजे संशय. नांदगाव कोरं आहे, पण कोऱ्याची मला जास्त भीती वाटते. आणि हा सगळा लाल रंग दिंडोरी रोडने खाली उतरून येतो कुठे? थेट आमच्या कॉलनीच्या गेटवर.

अख्ख्या नाशिकात हे माझ्याशिवाय एकाच्याही लक्षात आलेलं नाही. संकल्प: रोज एक तास अभ्यास. संध्याकाळचा दुसरा चहा बंद.

दुसरा चहा घेतला. अभ्यास म्हटल्यावर लागतो.

६ मार्च

घरातच सुरुंग! संघटनेची सेक्रेटरी कोण, तर आमची सायली. जेवताना सहज बोलून गेली. मला ठसका लागला. ही पाठ थोपटत म्हणाली, अहो, सावकाश.

सायली दोन वर्षं पेठ-सुरगाण्याकडे आरोग्याचं काम करते. आता तिला परदेशात मास्टर्सला स्कॉलरशिप मिळालीय. पूर्ण फी, राहणं, खाणं. (देशाचं नाव लिहीत नाही. डायरी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.) जूनमध्ये मुंबईला वकिलातीत व्हिसाचा इंटरव्ह्यू, सप्टेंबरात कॉलेज. आमच्या भावकीत आजवर कोणी दुबईलासुद्धा गेलेलं नाही. ही आत्तापासून नागलीचे पापड लाटायला बसलीय. पोरीच्या पायाला भिंगरी, तोंडावर हसू. एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना मोलकरणींची सेक्रेटरी व्हायची काय गरज होती?

तिला विचारलं. म्हणाली, पप्पा, शकुमावशीला ताप असताना तुम्ही तिच्याकडून गाद्या उन्हात टाकून घेतल्यात ना, म्हणून.

विषयाला धरून उत्तर नाही. डाव्यांचं असंच असतं.

९ मार्च

निर्णय घेतला. परकीय सरकारांनी प्रतिक्रिया द्यायची तर आधी त्यांना माहिती पाहिजे. ती कोण देणार? सरकारी खात्यात तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. पत्र कसं लिहावं हे मला कोणी शिकवायला नको.

सायली ज्या देशात जाणार त्याच वकिलातीपासून सुरुवात केली. घरचा संबंध आहे. मराठीत लिहिलं, मोबाइलवर इंग्रजी केलं. विषय: नाशिक जिल्ह्याच्या डाव्या कलाबाबत. खाली सही: जे. बी. पेखळे, आंतरराष्ट्रीय राजकीय विश्लेषक.

९ मार्च, संध्याकाळी

उत्तर आलं!! मिनिटात! आपला संदेश मिळाला, आम्ही आपले आभारी आहोत. आमच्या खात्यात शिपाईसुद्धा कधी आभार मानत नव्हता. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, ते आपोआप येतं, गॅसवाल्यांचंही येतं.

हिला राजनय कळत नाही.

१२ मार्च

उत्तर पुन्हा नीट वाचलं. खाली एक ओळ आहे. आपला पत्रव्यवहार व्हिसा अर्जासंबंधी असल्यास अर्ज क्रमांक नमूद करावा, म्हणजे तो संबंधित अधिकाऱ्यापर्यंत लवकर पोचेल.

आता कळलं माझं कुठे चुकलं! मी पत्रात संदर्भच दिला नव्हता. संदर्भ नसलेलं पत्र कोणी वाचत नाही. मी स्वतः तीस वर्षं वाचलं नाही. सरळ खालच्या कप्प्यात.

त्या कार्यालयाशी आपल्या घराचा एकच क्रमांक आहे. सायलीचा. तिच्या फाइलवरून उतरवून घेतला. यापुढे प्रत्येक पत्रावर वर ठळक: संदर्भ, अर्ज क्रमांक अमुक. एका दगडात दोन पक्षी. पत्र साहेबाच्या टेबलावर जाईल, आणि पोरीच्या फाइलला वजन येईल. बाप असा जागरूक, तर मुलगी कशी असेल!

तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१९ मार्च

पत्र क्रमांक चार गेलं. या पत्रात नातं जाहीर केलं. माहिती देणाऱ्याने हितसंबंध लपवू नयेत, हा नियम. लिहिलं की सदर संघटनेची सेक्रेटरी ही माझी सख्खी मुलगी असून वरील संदर्भातील अर्जदारही तीच आहे, तरी मी कोणाचीही गय करणार नाही. निःपक्षपातीपणाचं असं उदाहरण त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांनी बघितलं नसेल.

सकाळी फिरताना नवनाथला सगळं सविस्तर सांगितलं. नवनाथ सानप, शेजारचा, बँकेतून रिटायर. शांतपणे ऐकत होता. बोरगडापर्यंत मी बोललो, त्याने एकदाही अडवलं नाही. शेवटी खिशातून कानाचं मशीन काढलं, कानात घातलं आणि म्हणाला, काही म्हणत होतास का?

३ एप्रिल

दुसरा टप्पा सुरू! नवनाथच्या मेव्हण्याचा द्राक्षांचा कंटेनर परदेशातून परत आला. नवनाथ म्हणतो, औषधाचा अंश जास्त निघाला. मी नुसता हसलो. औषध! शकुबाईने रविवार बंद केला आणि महिन्याभरात तिकडे द्राक्षं नाकारली. याला व्यापार अडवणे म्हणतात.

नवनाथला सांगितलं की तुझ्या मेव्हण्याच्या नुकसानीचं खरं कारण आमच्या ओट्यावर भांडी घासतंय. त्याने मशीन काढून ठेवलं.

२० एप्रिल, रविवार

आज बायकांनी मोर्चा काढला. पगारी सुट्टी, आजारपणाची सुट्टी, दिवाळीला बोनस. पेठ नाक्यापासून आमच्या कॉलनीपर्यंत. शंभरेक तरी असतील आणि प्रत्येकीच्या हातात लाटणं. पुढे शकुबाई, तिच्या शेजारी सायली, माइक हातात. काय आवाज आहे पोरीचा! क्षणभर अंगावर काटा आला. लगेच सावरलो आणि गच्चीवरून फोटो काढले.

दुपारी पत्र. लाटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मोबाइल सांगेना. वर्णन करून लिहिलं: लाकडी सोटे, लांबी सुमारे एक फूट, या भागातील प्रत्येक घरात किमान एक. बायका ते रोज वापरतात व त्यांचा हात बसलेला आहे. सोबत फोटो. सेक्रेटरीभोवती लाल गोल काढला, साहेबाचा वेळ वाचावा म्हणून. अचूकपणा हा माझा स्थायीभाव आहे.

संध्याकाळी सायली आली, घसा बसलेला. ही तिला हळदीचं दूध देत होती. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, पप्पा, तुम्ही गच्चीवर दिसलात. मला वाटलं नव्हतं तुम्ही बघायला याल. बरं वाटलं.

मीही म्हटलं, तुझ्यासाठीच करतोय सगळं.

४ मे

ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान. विषय: डावीकडे झुकता प्रदेश आणि परकीय सरकारांची संभाव्य प्रतिक्रिया. हॉल खच्चून भरला. मी भारावून गेलो. नंतर कळलं की माझ्यानंतर मोफत चष्म्यांचं शिबिर होतं आणि लोक नंबर धरून बसले होते. असू दे. समाज आधी डोळ्यांनी बघतो, मग विचारांनी.

नकाशा दाखवत म्हसरूळपर्यंत आलो तेव्हा पुढच्या रांगेतली भागीबाई उठली. मला वाटलं प्रश्न. म्हणाली, भाऊ, चष्मेवाले आलेत, आवरा.

संघाने नारळ दिला. हिने त्याची चटणी केली.

२५ मे

एकूण पत्रं बरीच झाली. आता स्मरणपत्रं सुरू केलीत. स्मरणपत्रात लिहितो, आपणाकडून अद्याप कारवाई नाही, ही बाब गंभीर आहे. साहेब लोकांना टोचणी लागते.

घरात गडबड आहे. सायलीने मोठी निळी बॅग आणली, चाकं असलेली. ही रोज ती उघडते, काहीतरी ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा ठेवते. काल स्वयंपाकघरात एकटीच रडत होती. विचारलं तर म्हणाली, आनंदानं हो. मी बारावीनंतर पुढं शिकले नाही ना. माझ्या वाटचं शिकायला निघालीय ती.

बायकांचं मन हळवं असतं. बॅगेत तिखट जास्त भरू नको, एवढं सांगितलं.

१० जून

उद्या मुंबईला इंटरव्ह्यू. मी जाणार होतो, अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलणं झालं असतं. सायली म्हणाली, नको पप्पा, आई येतेय. शकुबाईने तिला देवीचा अंगारा आणून दिला. म्हणाली, पोरी, मोठी हो, पन आमाला इसरू नको. डावे आणि अंगारा! विसंगती टिपून ठेवली. पत्रात वापरता येईल.

११ जून, संध्याकाळी

दोघी परत आल्या. व्हिसा नाकारला.

ही आल्या आल्या आत गेली. सायली माझ्यासमोर बसली आणि सांगायला लागली, आवाज अगदी सपाट. अधिकारी तरुण होता. आधी कॉलेजबद्दल विचारलं, हसत होता. मग कॉम्प्युटरकडे बघितलं आणि हसायचा थांबला. स्क्रीन तिच्याकडे वळवून विचारलं, हे तुमचे वडील का? ती म्हणाली, हो. त्याने एकेक पत्र उघडलं. फोटो. लाल गोल. तो म्हणाला, हे लाकडी सोटे कसले? ती म्हणाली, लाटणी आहेत, आम्ही त्याने पोळ्या करतो. तो म्हणाला, मग तुमचे वडील असं का लिहितात? तिने स्कॉलरशिपचं पत्र पुढे सरकवलं. तो म्हणाला, मला वाईट वाटतं, पण हे आता फाइलमध्ये आलंय.

मी मान हलवली. बरोबर आहे. एकदा फाइलमध्ये आलं की आलं.

सायलीने विचारलं, पप्पा, एकच सांगा. माझा नंबर कशाला टाकलात? मी तिला नीट समजावून सांगितलं की संदर्भाशिवाय पत्र कोणी वाचत नाही. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. ही बाहेर आली, तिला धरलं, उठवलं आणि आत नेलं. दाराला कडी लागली.

वाईट झालं. पोरीचं नुकसान झालं, नाही म्हणत नाही. पण हे कोणापाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो. त्यांनी वाचलं! एकेक पत्र. स्मरणपत्रंसुद्धा. तीस वर्षं नोकरी केली, माझं एक टिपण कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. परकीय सरकारने दखल घेतली. माझं विश्लेषण बरोबर निघालं.

पेढे आणावेसे वाटले. आणले नाहीत. एवढं मला कळतं.

१३ जून

उपाय केला. वकिलातीला पत्र: आमची यापूर्वीची सर्व पत्रे रद्द समजावीत. संदर्भ, तोच क्रमांक. आमच्या खात्यात याने काम भागायचं.

उत्तर: सदर प्रकरण बंद करण्यात आले आहे.

स्कॉलरशिपवाल्यांनी कळवलं की जागा पुढच्या वर्षीसाठी ठेवता येत नाही. हिने मला जेवण वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, एकदा तरी तिला विचारायचंत. चांगलं बोलली असती तर मीही चांगलं बोललो असतो.

२० जून

सायली सुरगाण्याला गेली, कायमची. संघटनेचं तिकडचं पूर्णवेळ काम करणार. निळी बॅग घेऊन गेली. म्हणजे बॅग वाया गेली नाही.

शकुबाई न्यायला आली होती. जाताना मला म्हणाली, दादा, लय शिकल्याला माणूस तुमी. आणि बॅग उचलून चालायला लागली. बहुधा कौतुक असावं.

नागलीचे पापड हिने सगळे तिच्याबरोबर दिले. मला एकही ठेवला नाही.

१३ जुलै, रविवार

ही सकाळी सात वाजता पदर खोचून म्हणाली, आजपासून माझीही रविवारी सुट्टी. मला वाटलं थट्टा. चप्पल घालून निघून गेली. संघटनेच्या ऑफिसात चहा करते म्हणे. तिकडे चहा करायचा तर इथे काय वाईट होतं?

पोहे स्वतः केले. पोहे भिजवून ठेवायचे किती वेळ, हे कोणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही. जेवलो नाही.

नकाशा काढला आणि आमच्या घरावर लाल ठिपका दिला. त्याआधी पेन्सिल दोनदा टोकली. अभ्यासात भावनेला जागा नसते.

२४ ऑगस्ट

सायलीला फोन केला. लागत नाही. हिच्या फोनवरून केला, लगेच लागला. माझा आवाज ऐकला आणि बंद झाला. सुरगाण्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

५ ऑक्टोबर

हिची सुट्टी आता शनिवारपासून असते. कधीकधी सोमवारीही. तिसरा टप्पा असाच असतो, राजदूताला आधी थोड्या दिवसांसाठी सल्लामसलतीला बोलावतात.

नवनाथला म्हटलं, घर ओस पडलंय रे. पहिल्यांदाच त्याच्या कानात मशीन होतं. म्हणाला, जयराम, ती माझी पोरगी असती तर तुला या कॉलनीत राहू दिलं नसतं. आणि पुढे चालायला लागला. त्याच्या मेव्हण्याची द्राक्षं अजून परत येताहेत वाटतं.

९ नोव्हेंबर, दुपारी

मोठा मोर्चा. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, सगळे. दिंडोरी रोडने उतरून शहरात चालले होते. लाल बावटेच बावटे. मार्चमध्ये मी पेन्सिलने काढली होती तीच रेघ, तशीच्या तशी. मी गेटवर उभा राहिलो. आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, हे मी आधीच सांगितलं होतं. एकाने मला जरा बाजूला सरकायला सांगितलं, त्याला व्हिडिओ काढायचा होता.

पुढच्या रांगेत सायली. काळवंडली आहे, बारीक झालीय, पाय धुळीने भरलेले. माइक तिच्याच हातात. तिच्यामागे बायका, आणि त्यांच्यात ही. हातात आमचं लाटणं. मूठ जळालेलं आहे, गॅसवर राहिलं होतं ते, लांबूनही ओळखलं.

हात वर केला. सायली, अशी हाक मारली. तिने बघितलं. नक्की बघितलं. मग माइक तोंडाशी नेऊन पुढची घोषणा दिली. ही खाली बघून चालत होती. शकुबाई तेवढी थांबली. म्हणाली, दादा, मधी उभं राहू नका, धक्का लागंल. दंडाला धरून मला फूटपाथवर उभं केलं आणि पळत जाऊन रांगेत शिरली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

ताबडतोब पत्र लिहिलं. सर्वांत महत्त्वाचं पत्र. भाकीत खरं ठरल्याबाबत. पाठवलं. लगेच परत आलं. आपल्या पत्त्यावरून आलेले संदेश यापुढे स्वीकारले जाणार नाहीत.

पुन्हा पाठवलं. पुन्हा परत.

चौथा टप्पा हाच असणार. व्हिडिओ पुढे बघायला पाहिजे होता.

१० नोव्हेंबर

ही रात्री आली नाही. पोळ्या करायला घेतल्या, लाटणं नाही. ब्रेड आणला.

सायलीला पत्र लिहायला बसलो. फोन लागत नाही तर पत्र. प्रति, कु. सायली जयराम पेखळे, मुक्काम सुरगाणा. विषय: आपण घरी परत येणेबाबत, स्मरणपत्र. पहिलं पत्र पाठवलेलंच नाही, पण माझा अनुभव असा की उत्तर स्मरणपत्रालाच येतं.

त्याखाली सवयीने लिहिलं, संदर्भ. आणि पेन थांबलं. तो क्रमांक बंद झाला. दुसरा कुठला क्रमांक माझ्याकडे नाही. बराच विचार केला. जागा कोरी ठेवून खाली सही केली.

शकुबाई उद्या येईल तेव्हा तिच्या हाती देईन. उद्या मंगळवार आहे, येईल.